सणांचं कपाट

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणातल्या झावळ्या ओढून कोपऱ्यात लावत होते. त्यांना म्हणे जुन्या ग्रंथपालांकडून आवडत्या पुस्तकांवर लेख हवे होते. ‘तुम्ही सणांच्या पुस्तकांवर लिहा,’ ते म्हणाले, ‘फक्त नाताळ सोडून. नाताळावर मडगावचे एक प्राध्यापक लिहिताहेत.’ म्हणजे एक सण प्राध्यापकांना आणि वर्षातले उरलेले सगळे मला. मी हो म्हटलं. एकट्या राहणाऱ्या माणसाला कुणी काम सांगितलं की तो सहसा नाही म्हणत नाही, हे संपादकांना अनुभवानं ठाऊक असावं.

पण लिहायला बसले आणि लक्षात आलं की आवडत्या पुस्तकांची गोड गोड यादी काही माझ्याच्यानं होणार नाही. सणांचं पुस्तक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच येतं, हिरव्या पुठ्ठ्याचं, आणि ते मी एका बापाला नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तिथपर्यंत जाऊ दे, मग संपादकांनी काय कापायचं ते कापावं.

पेडणे तालुक्यात, पार्से गावच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं काढली. दोन खोल्या, सात कपाटं, दोन लांब बाकं आणि मी. लोकांना वाटतं, ग्रंथपाल बाई दिवसभर फुकटात कादंबऱ्या वाचत बसते. नोकरीत असताना मी सगळ्यात कमी वाचलं. पुस्तक आलं की नोंदवा, शिक्का मारा, मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी डकवा, वर्गांक घाला. हा वर्गांक म्हणजे पुस्तकाचा घरपत्ता. त्याच्या शास्त्राप्रमाणे गणपतीच्या आरत्या धर्माच्या कपाटात, नेवऱ्यांची कृती पाककलेत, शिगम्याची, म्हणजे आमच्या होळीची, गाणी लोकसाहित्यात आणि दिवाळीच्या नरकासुराचा सांगाडा कसा बांधायचा ते हस्तकलेत. म्हणजे सणांची पुस्तकं शोधणाऱ्या बाईनं चार कपाटांपुढे चार वेळा वाकायचं. मी एका सुट्टीत सगळी उचलली, खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात एकत्र लावली आणि वर चिठ्ठी चिकटवली, ‘सण’. पणजीहून तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. हे शास्त्रात बसत नाही, म्हणाले. मी म्हटलं, वाचक बाकावर बसतोय, तेवढं मला पुरे. त्यांनी शेरा लिहिला आणि मी तो फाइलीत नीट लावून ठेवला. कपाट तसंच राहिलं.

त्या कपाटाचं निमित्त मात्र नाताळच झालं होतं. किनाऱ्यावर बरीच वर्षं राहिलेली एक परदेशी बाई मायदेशी परतताना खोकंभर चित्रांची पुस्तकं आमच्याकडे टाकून गेली. उघडून बघते तर बहुतेक नाताळची. सुंदर पुस्तकं होती, खोटं कशाला बोलू. पण पदेराची, म्हणजे गावात पाव घेऊन येणाऱ्याची मुलगी ती चाळून मला म्हणाली की आमच्या नाताळात बर्फ खंय असता? मला तिचं पटलं. तिच्या घरचा नाताळही त्या खोक्यात नव्हता, मग आमची गणपतीची चवथ, आमचा शिगमो कुठून असणार? त्या दिवसापासून मी सणांची पुस्तकं हुडकायला लागले. फोंड्याच्या जत्रेत देवळाबाहेरच्या दुकानांत, रद्दीत, कुणाच्या माळ्यावर. एकतीस वर्षांत कपाट भरलं, याचा मला अजून अभिमान आहे. कुणाला तो फुकाचा वाटला तर वाटो.

सणाच्या पुस्तकाची एक खोड असते. वर्षभर त्याला कुणी विचारत नाही, आणि सणाच्या आधी पंधरा दिवस त्याच्यासाठी भांडणं होतात. परत येतं तेव्हा ते सण खाऊन येतं. फराळाच्या पुस्तकाला तुपाचे डाग, शिगम्याच्या गाण्यांत गुलाल, नरकासुराच्या पुस्तकाला खळीनं चिकटलेली पानं. मी डाग बघून सांगू शकायचे की पुस्तक कुणाच्या घरी होतं. वास घेऊन तर नक्कीच.

मी स्वतः सण फारसे केले नाहीत. लग्न केलं नाही, आई गेल्यावर पार्शातल्या घरात मी एकटी. आमचा गणपती मूळ घरी, डिचोलीला, भावाकडे. चवथीचे दोन दिवस मी तिकडे जायचे, बाकीच्या सणांना कुठे जायचं हा प्रश्नच असायचा. म्हणून मी एक वाईट सवय लावून घेतली. सणाच्या दिवशी वाचनालयाला सुट्टी, पण किल्ली माझ्याकडे. सकाळी तासभर दार उघडून बसायचे. कुणाला सांगितलं नव्हतं, तरी ज्यांना कळायचं त्यांना कळायचं.

एका वर्षी आषाढात कोल्हापूरकडचा एक कामगार आला. औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला होता. दारातच चप्पल काढून उभा राहिला आणि विचारलं, ‘बाई, बेंदराचं काय पुस्तक हाय का? आज आमच्यात बेंदूर.’ बेंदूर हा बैलांचा सण, आमच्याकडे नाही. पण कपाटात लहान मुलांचं एक बारा पानी पुस्तक होतं, बैलांच्या शिंगांना रंग लावणाऱ्या मुलीचं. एवढ्या मोठ्या माणसाला ते कसं द्यावं असं मला वाटलं, तरी दिलं. त्यानं बाकावर बसून बारा पानांना एक तास घेतला. एका चित्रावर बोट ठेवून म्हणाला की शिंगाला एवढी मोठी झूल लावत नाहीत, झूल पाठीवर असते, चित्रकाराला ठाऊक नाही. मग पुस्तक मिटून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं आणि पाळीवर गेला. पुढची चार वर्षं तो बेंदराला यायचा, मग बदलून गेला.

हे मुद्दाम सांगितलं. ज्याला सण करता येत नाही त्याला सणाचं पुस्तक लागतं, हे मला त्या परक्या माणसानं शिकवलं होतं. आणि तरीही वेळ आली तेव्हा मी ते विसरले, तेही माझ्याच गावच्या माणसाच्या बाबतीत.

आता ते हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक. ते माटोळीचं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, चवथीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही एक लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली फळं, पानं, वेली बांधतो. ती माटोळी. कांगल्यांचे लाल-पिवळे घोस, कवंडाळाची तांबडी फळं, वाजणाऱ्या शेंगांच्या घागऱ्या, शेरवडाची पांढरी पानं, सुपारीचे घड. बाजारात आता सगळं मिळतं, पण खरी माटोळी रानात जाऊन आणलेल्या वस्तूंची. या पुस्तकात एकेका पानावर एकेक वस्तू होती, रेघांचं चित्र आणि खाली चार ओळी. भोवती भरपूर कोरी जागा. आमच्याकडे एकच प्रत होती.

ती प्रत दरवर्षी चवथीआधी न्यायचे विश्राम आणि त्यांचा मुलगा गुरुदास. विश्राम काजू-नारळाचं बघणारा शेतकरी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, अक्षरओळख नाही. गुरुदास शाळेत असल्यापासून कार्ड त्याच्या नावावर. पुढे तो मुरगावला गोदीत कामाला लागला, पण चवथीआधी आठ दिवस रजा काढून यायचाच. बापलेक सकाळी पुस्तक पिशवीत घालून रानात शिरायचे. वाचनालयाचं पुस्तक रानात नेतात म्हणून मी कुरकुरायचे. गुरुदास हसायचा. एकदा त्यानं जाताना विचारलं होतं, ‘बाय, पेनशिलीन लिवल्यार चलात मां?’ मी म्हटलं होतं, पेन्सिल चालते, पुसता येते.

आणि मी पुसायचे. हा माझ्या कामाचा भाग होता आणि त्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी पानन् पान बघायचे. बसची तिकिटं, केस, वाळलेली फुलं बाहेर. पेनच्या रेघांना इलाज नसतो, पण पेन्सिल दिसली की पांढरं रबर काढायचे आणि पान पहिल्यासारखं करून ठेवायचे. माटोळीच्या पुस्तकात दरवर्षी बरंच पुसायला लागायचं. काय लिहिलंय ते मी वाचत नसे. वाचत बसलं तर काम कधी होणार? पुढच्या वर्षी गुरुदास यायचा, पान उघडून बघायचा, काही बोलायचा नाही, पुस्तक घेऊन जायचा.

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी, आषाढात, गुरुदास गेला. मुरगावहून येताना स्कूटर घसरली. अठ्ठावीस वर्षांचा होता, लग्न ठरत होतं. मी भेटायला गेले तेव्हा विश्राम सोप्यावर, म्हणजे दाराबाहेरच्या बाकावर, बसले होते आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांची बायको शेवंतीवयनी आत निजून होती. चहा नको म्हणून मी लगेच उठले.

घरात मरण झालं की आमच्याकडे वर्षभर सण नाही. गणपती आणत नाहीत, माटोळी बांधत नाहीत, गोडधोड शेजारचे पोचवतात. त्या घराच्या दाराशी सणाचा शब्दसुद्धा कुणी काढत नाही, ही माया समजली जाते. म्हणून चवथीच्या आठ दिवस आधी विश्राम वाचनालयाच्या पायऱ्या चढून आले तेव्हा मी दचकले. ते आजवर एकटे कधी आले नव्हते. माझ्या टेबलापुढे उभे राहून म्हणाले, ‘बाय, तां माटोळयेचा पुस्तक दी.’

मी म्हटलं, यंदा तुमच्याकडे चवथ नाही.

‘तां माका म्हायत असा,’ ते म्हणाले. ‘पुस्तक दी.’

मला तेव्हा वाटलं, ह्या माणसाला आपण त्रासातून वाचवावं. पुस्तक घरी नेईल, चित्रं बघत बसेल, शेवंतीवयनी रडेल, आणि सुतकाच्या घरात सणाचं पुस्तक बाईनं दिलंच कसं असं चार लोक विचारतील. खरं सांगायचं तर शेवटचा विचार पहिला आला होता. मी सांगितलं, पुस्तक वाचायला गेलंय, दुसऱ्यांनी नेलंय.

त्यांनी मान वळवून खिडकीजवळच्या कपाटाकडे बघितलं. एकदाच. मग ‘बरां’ म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

ते फाटकापर्यंत पोचले असतील, तेव्हा मी त्या कपाटाकडे बघितलं. काचेच्या मागे, वरच्या फळीवर, हिरवा पुठ्ठा. मी सबंध जन्म नावं आणि आकडे वाचून पुस्तकं ओळखली. ज्याला वाचता येत नाही तो पुस्तक तोंडावरून ओळखतो, माणसाला ओळखतो तसं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हाक मारायला हवी होती. मी तशीच बसून राहिले आणि पुढच्या वाचकाची तारीख चुकीची टाकली.

त्या वर्षी पुस्तक मी कुणालाच दिलं नाही. मागायला आलेल्यांनाही गेलंय म्हणून सांगितलं. एक खोटं सांभाळायला मी सात जणांशी खोटं बोलले असेन.

चवथीला डिचोलीला भावाकडे गेले. घर माणसांनी भरलेलं, वहिनीचं एक करता दुसरं राहतंय, आणि मी माटोळीखाली पाटावर बसून वर बघत होते. एवढ्या माणसांत मला कुणी काही विचारत नव्हतं आणि मला कुणाशी बोलायचं नव्हतं. आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी दुपारी आरती झाली, आणि विसर्जनाला न थांबता मी बस धरली. वाचनालय उघडलं, पुस्तक पिशवीत घातलं आणि विश्रामांच्या घरी चालत गेले. वाड्यावर सगळीकडे घुमट, म्हणजे मडक्याचं चामडी वाद्य, आणि झांजा वाजत होत्या. त्या एका घरात आवाज नव्हता.

विश्राम सोप्यावरच होते. मी पुस्तक पुढे केलं आणि म्हटलं, ‘मी खोटं बोलले होते. हे कपाटातच होतं.’

‘बघलंय मी,’ ते म्हणाले. राग नव्हता. त्यांनी हात आपल्या लुंगीला पुसून मग पुस्तक घेतलं आणि शेवंतीवयनीला हाक मारली. ती आली, दाराच्या चौकटीला टेकून बसली. आत, नेहमीच्या जागी, माटोळीची रिकामी चौकट छताला टांगलेली दिसत होती. ती काढत नाहीत.

शेवंतीवयनी मला म्हणाली की गुरूच्या हातचं लिहिलेलं घरात काही नाही. शाळेच्या वह्या कधीच वाळवी खाऊन गेल्या, आणि पुढे जे लिहायचं ते तो फोनवर लिहायचा. फोन स्कूटरबरोबर गेला. पण रानात फिरताना विश्राम सांगायचे, हे कुठे मिळतं, कधी तोडायचं, आणि तो त्या त्या चित्राजवळ पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. ‘आमका वाचूक येना नाय,’ ती म्हणाली, ‘तू वाचून दाखय. तेवढ्यासाठी हे तुझ्याकडे इल्ले.’

पुस्तक उघडायची गरजच नव्हती. मागच्या चवथीनंतर ते परत आलं त्या दिवशी मी किती वेळ रबर चालवलं होतं, ते मला चांगलं आठवत होतं. टेबलावर साचलेला रबराचा भुगा मी फुंकरीनं उडवला होता.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, की मी दरवर्षी पुसते, ते माझं काम होतं, काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नाही.

‘गेल्या वर्साचा पण?’ विश्रामांनी विचारलं.

‘तेही.’

शेवंतीवयनी म्हणाली, ‘तेका म्हायत होता गे. हसायचो. म्हणायचो, बाय पुसता आणि मी परत लिवतंय.’ तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत आणि ती मला पचतात. हे पचलं नाही, अजून नाही.

विश्राम पुस्तक मांडीवर ठेवून पानं उलटत होते. सोप्यावर ऊन तिरकं येत होतं. कांगल्यांच्या पानावर ते थांबले, बोट चित्राच्या कडेला नेलं आणि कोऱ्या जागेवर हळूहळू फिरवलं. म्हणाले, हंय काय तरी लागता हाताक.

मी खाली वाकून बघितलं. उन्हात कागदावर खळगे दिसत होते. गुरुदास दाबून लिहायचा, आणि दरवर्षी त्याच जागी तेच पुन्हा लिहायचा. शाई असती तर एकदाच लिहिलं असतं. मी पुसलं म्हणून तो दहा-बारा वेळा लिहीत गेला, आणि कागद दबत गेला. हे म्हणून मी स्वतःची समजूत घालते असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

पुस्तक उन्हाकडे कलतं धरून मी एकेक अक्षर जुळवत वाचायला लागले. बरीच पानं गिचमीड झाली होती, एकावर एक अक्षरं. काही लागत होती. कांगल्यांपाशी होतं, ‘तळयेच्या वयर, दोन धोंड्यांच्या मधी’. घागऱ्यांपाशी, ‘बाबा म्हणता, दव सुकल्याबगर तोडू नये’. मी वाचायचे आणि विश्राम मान हलवायचे, बरोबर आहे म्हणून. मास्तरांनी पाठांतर ऐकावं तसे ऐकत होते. शेवंतीवयनी पदराचं टोक दातात धरून बसली होती. मी एकतीस वर्षं वाचनालयात होते, पण कुणाला इतकं मन लावून काही वाचून दाखवलं नव्हतं.

शेवटी शेरवडाचं पान आलं. शेरवड डोंगराच्या चढावर मिळतं. तिथे खळगे उथळ होते, एकाच वर्षाचे, म्हणजे मागच्याच. तीनच शब्द. मी दोनदा बघितलं, खात्री करून घेतली आणि वाचलं, ‘हंय बाबा बसलो.’

विश्राम मान हलवायचे थांबले. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि त्या तीन शब्दांवर अंगठा ठेवला, बरोबर त्यांच्यावर. रस्त्यावरून कुणाचा तरी गणपती विसर्जनाला चालला होता.

मग म्हणाले, ‘गेल्या वर्सा चढाव चढूक जमाक नाय माका. धाप लागली. तेणां माका धोंड्यार बसयल्यान. माका म्हणालो, बाबा तू हंय बस, मी येतंय.’

अंगठा त्यांनी उचलला नाही.

‘म्हणान अजून बसलंय,’ ते म्हणाले.